बटण बंद, दिवा चालू!

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमच्या घरी युद्धाचे दिवस. माळे रिकामे होतात, डबे उन्हात पडतात, आणि वर्षभर ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही असा प्रत्येक दिवा, पंखा आणि होल्डर पुसण्याची कामगिरी प्रस्तुत लेखकाकडे येते. लोखंडी स्टूल, हातात ओले फडके, आणि खाली स्टूल धरायला आई, असा हा कार्यक्रम गेली तीस वर्षे बिनबोभाट चालू आहे. स्टुलावर चढताना मी विचारतो, "बटण बंद आहे ना?" आणि आई म्हणते, "आहे हो, चढ तू."

यंदा मात्र या कार्यक्रमाला विघ्न आले. आणि आले तेच बरे झाले, असे आता म्हणावयाची पाळी आली आहे.

त्याचे असे झाले. सप्टेंबरचे विजेचे बिल जरा गरगरीत आले. बिल आले की घरात गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. चिरंजीवांनी आजीकडे बोट दाखवले, आजीने चिरंजीवांच्या संगणकाकडे. सौ.ने कोणाकडेच दाखवले नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. आम्ही मात्र न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला की देवघराजवळच्या बोळातला पिवळा दिवा हाच मुख्य आरोपी. घरातला जुन्या तारेचा तो शेवटचा, साठ वॉटचा बल्ब. आईला तोच उजेड आवडे, म्हणून राहिला होता. तो उतरवला आणि त्या जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला.

त्या रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तो बोळातला दिवा मिणमिणत होता! आईच्या नावाने चडफडलो. सकाळी म्हणालो, "आई, रात्री दिवा मालवून तरी निजत जा." आई म्हणाली, "मी मालवला होता." मी म्हणालो, "मग मी पाहिला तो काय काजवा होता?" शब्दाने शब्द वाढला. ऐंशी वर्षांच्या बाईला विसराळू म्हणणे सोपे असते, आणि मी ते म्हटले. आई दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या रात्री मी स्वतः बटण बंद केले आणि वळून पाहिले. दिवा विझला, पण पुरता नव्हे. राखेखालच्या निखाऱ्यासारखा फिकट उजेड त्याच्या काचेत तसाच होता. बटण बंद, दिवा चालू!

बटण म्हणजे काय?

या चमत्काराचा उलगडा करण्यापूर्वी बटणाशी ओळख करून घेऊ. आपण समजतो की बटणात वीज असते आणि ते दाबले की ती बाहेर पडते. बटणात काही नसते. बटण म्हणजे वाटेवरचे फाटक.

दिव्याकडे दोन तारा जातात. एकीला वायरमन 'फेज' म्हणतात, दुसरीला 'न्यूट्रल'. फेजने वीज येते आणि न्यूट्रलने परत जाते, असे सोयीसाठी समजायचे. खरे पाहता आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. सुताराची करवत पुढेही जाते आणि मागेही येते, ती कोठेच पोचत नाही, पण लाकूड मात्र कापले जाते. तसेच हे. दिव्यात वीज 'संपत' नाही. जेवढा प्रवाह एका तारेने आत गेला तेवढाच दुसरीने बाहेर आला पाहिजे. संपते ती ऊर्जा; आणि आपण पैसे मोजतो ते तिचे.

हा फेरा कोठेही तुटला की दिवा विझतो. बटण फेजच्या तारेत बसवा की न्यूट्रलच्या, दिवा विझणारच. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण फरक आहे, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे.

न्यूट्रल ही तार रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेली असते. म्हणून साधारणतः तिच्यात आणि आपल्या पायाखालच्या जमिनीत दाबाचा फरक फारसा नसतो. फेजमध्ये मात्र जमिनीच्या मानाने 230 व्होल्टचा दाब असतो. बटण फेजमध्ये असेल तर ते बंद करताच होल्डरपर्यंत येणारा दाब अडतो आणि होल्डर निर्जीव होतो. बटण न्यूट्रलमध्ये असेल तर जाण्याची वाट बंद होते, येण्याची उघडीच राहते. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये चोवीस तास दाब उभा असतो. कोणी तरी जमिनीवर उभे राहून हात लावील आणि आपल्याला वाट करून देईल, याची वाट पाहत!

वायरमनदादांचा टेस्टर

वायरमनदादा आले. बटण बंद करून त्यांनी दिवा काढला आणि होल्डरच्या एका पिनेला टेस्टर लावला. टेस्टरमधला इवला दिवा लालभडक पेटला. दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, बटण न्यूट्रलवर आहे. इथं कायम करंट आहे."

मी मटकन खाली बसलो. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी आईच्या हाताला यावे म्हणून हे बटण खाली घेतले होते. त्या वेळी ज्याने काम केले त्याने तारांची अदलाबदल केली होती. म्हणजे तीस दिवाळ्या मी लोखंडी स्टुलावर उभा राहून, ओल्या फडक्याने, जिवंत होल्डर पुसत होतो, आणि माझी आई ते स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी राहत होती. "बटण बंद आहे ना?" "आहे हो, चढ तू." तिचे उत्तर खरे होते. बटण बंदच होते.

मग इतकी वर्षे हे कळले कसे नाही? याचे उत्तर मोठे मजेदार आहे. दोन तारा भिंतीतून शेजारी शेजारी गेल्या की पुढे-मागे होणारी वीज स्पर्शावाचूनही एकीतून दुसरीत, किंवा भिंतीत, किंचित झिरपते. आमच्या दिव्याला दाब होताच. झिरपण्याची ती वाट मिळाली आणि त्यातून अत्यल्प प्रवाह वाहू लागला. जुन्या बल्बची तार उजेड देण्यासाठी दोन हजार अंशांहून अधिक तापावी लागे. असल्या थेंबभर विजेने ती कोमटही होत नसे. एलईडीला मात्र मिणमिणायला थेंब पुरतो. दोष तीस वर्षांचा. जुन्या दिव्याने तो पोटात ठेवला, नव्याने पहिल्याच रात्री चव्हाट्यावर आणला.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. बंद केल्यावर मिणमिणणारा प्रत्येक एलईडी धोक्याचाच असतो असे नाही. बटणातच तांबडा निदर्शक दिवा असेल, किंवा दोन तारा लांबवर जवळजवळ गेल्या असतील, तर बटण बरोबर असूनही असे होते. पण खात्री टेस्टरने, आणि तीही जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. मनाची समजूत घालून घेऊ नये.

माणूस किती विजेने मरतो?

हा प्रश्न दिवाळी अंकात विचारणे अशुभ वाटेल; पण न विचारणे अधिक अशुभ.

नऊ वॉटच्या दिव्यातून सुमारे 40 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पंचविसावा भाग, एवढा प्रवाह वाहतो. माणसाला एक मिलिअँपिअर झाला की मुंग्या येतात. दहा-पंधराच्या पुढे गेला की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे, आणि तो छातीतून काही क्षण वाहिला, तर हृदयाची लय बिघडण्याची भीती. म्हणजे देवघरातला सौम्य दिवा ज्या प्रवाहावर जळतो, तेवढाच माणसाला पुरा होतो! कोरडी कातडी या प्रवाहाला बराच अडथळा करते. ओल्या हाताने तो अडथळा फार कमी होतो.

"पण आमच्याकडे फ्यूजऐवजी नवे खटके आहेत, ते पडतात की!" असे कोणी म्हणेल. ते खटके पडतात ते तारा तापू नयेत म्हणून. त्यांची मर्यादा सहा, दहा, सोळा अँपिअरची. माणसाच्या अंगातून वाहणारा अँपिअरचा दहावा हिस्सा त्यांच्या गावीही नसतो. माणसाला वाचवणारा खटका निराळा. त्याला वायरमन 'आरसीसीबी' म्हणतात. त्याचे काम हिशेबनिसाचे. फेजने गेले किती, न्यूट्रलने परत आले किती, एवढेच तो अखंड ताडून पाहतो. जमाखर्चात 30 मिलिअँपिअरची तूट आली की कोठे तरी, बहुधा कोणाच्या तरी अंगातून, वीज जमिनीत जाते आहे असे समजून तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावर एक 'टेस्ट' असे लिहिलेले बोंड असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबून खटका पडला नाही, तर पहारेकरी झोपला आहे असे समजावे.

तिसऱ्या पिनेचीही तीच गोष्ट. ही अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का? आत जाताना ती प्रथम जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी म्हणून. इस्त्रीच्या किंवा धुलाई यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जाते, आपल्या हातातून नव्हे. प्लग बसत नाही म्हणून ही पिन तोडणारे बहाद्दर आहेत. आणि दिवाळीच्या माळेच्या उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनी प्लगमध्ये खोचणारे तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरीच आहेत!

बिलाचा खरा आरोपी

आता बिलाकडे वळू. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवा.

साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिटे. त्याच जागी नऊ वॉटचा एलईडी लावला तर दीड युनिटाहूनही कमी. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला तर 27 युनिटे; नव्या धर्तीचा तीस वॉटचा पंखा त्याच वाऱ्याला 11 युनिटे घेतो. मिक्सर पाचशे वॉटचा आणि आवाज तर दहा घरांना पुरेल एवढा, पण चालतो दहा मिनिटे. महिन्याची अवघी अडीच युनिटे. उलट दूरदर्शन संचाखालचा तो मुका डबा पाहा. पडदा बंद केला तरी तो जागाच असतो. दहा वॉट घेत असेल तरी चोवीस तासांप्रमाणे महिन्याला 7 युनिटे, म्हणजे आमच्या बोळातल्या नव्या दिव्याच्या पाचपट! आवाजावरून आणि उजेडावरून विजेचा खर्च ठरत नाही, वाचकहो. तो वॉट आणि तास यांच्या गुणाकारावरून ठरतो.

आणि या गुणाकारात सर्वांचा बाप म्हणजे पाणी तापवणे. उष्णता निर्माण करणारी उपकरणे विजेला फार खातात. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागते. दोन हजार वॉटच्या गीझरला ते काम अठरा-वीस मिनिटांचे. यात काटकसरीला जागा नाही, निसर्गाचा दर ठरलेला आहे. पण गीझर तसाच चालू ठेवला तर? पाणी तापले की तो आपोआप थांबतो खरा. परंतु टाकीतली उष्णता हळूहळू भिंतींतून जाते, पाणी निवते, गीझर पुन्हा पेटतो, पुन्हा थांबतो. कोणीही न नाहता तो दिवसभर मोरीला ऊब देत बसतो.

चिरंजीवांनी मीटरजवळ उभे राहून प्रयोग केला. हल्लीच्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, आणि किती लुकलुकी म्हणजे एक युनिट हे मीटरवरच छापलेले असते. आमच्यावर 3200 आहे. घरातले सर्व बंद करून फक्त नऊ वॉटचा दिवा ठेवला, तर ठिपका दोन मिनिटांतून एकदा लुकलुकला. मग गीझर लावला. ठिपका एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा लुकलुकू लागला! चिरंजीव म्हणाले, "बाबा, सकाळी सर्वांत शेवटी आंघोळ कोण करतं?"

शेवटी आंघोळ मी करतो. आणि गीझरचे बटण बंद करण्याचे कचेरीच्या घाईत राहून जाते, हे मला त्याच क्षणी आठवले. सौ. मागेच माझ्याकडे का पाहत होती, तेही कळले.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईत घरगुती विजेचा दर पायऱ्यांचा आहे. पहिली 100 युनिटे स्वस्त, तीनशेपर्यंतची त्याहून महाग, पाचशेपर्यंतची आणखी महाग. म्हणून वाचवलेले युनिट हे नेहमी आपल्या सर्वांत महागड्या पायरीवरचे असते. सरासरी दराने हिशेब करून "काय वाचणार एवढेसे?" असे म्हणू नये.

बटणाच्या पलीकडे

आमच्या चेंबूरकरांना विजेचे जन्मस्थान दाखवायला लांब जावे लागत नाही. गच्चीवर चढले की तुर्भ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. टाटांचे हे औष्णिक केंद्र 1956 पासूनचे. पाचशे मेगावॉटचा देशातला पहिला संच येथेच 1984 साली चालू झाला. त्याआधी मुंबईची वीज सह्याद्रीच्या पाण्यावर होत असे. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी घाटाखाली सोडून 1915 साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले, मग 1922 साली भिवपुरी आणि 1927 साली भिरा. आमच्या शेजारच्या कुर्ल्याला 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची आगगाडी पोचली. तिकडे भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह मांडला. सेनापती ही पदवी बापटांना मिळाली ती त्याच लढ्यात. धरण झालेच, आणि गावे बुडाली. आपण बटण दाबतो तेव्हा त्याची किंमत केवळ बिलात लिहिलेली नसते.

विजेची आणखी एक खोड आहे. ती तारांत साठवून ठेवता येत नाही. मोठी धरणे आणि बॅटऱ्या थोडाफार सांभाळ करतात. एरवी मागणी येईल त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. तुम्ही गीझर लावता त्याच निमिषाला कोठे तरी एका फिरत्या चक्रावर तेवढा भार पडतो. हे मागणी-पुरवठ्याचे गणित बिघडले म्हणजे काय होते, ते मुंबईने 12 ऑक्टोबर 2020 रोजी पाहिले. सोमवारी सकाळी शहराची वीज एकाएकी गेली आणि लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. धुरांडी दारात असलेले आम्ही चेंबूरकरही त्या दिवशी हातपंख्याने वारा घेत बसलो होतो.

यंदाच्या साफसफाईपूर्वी

तेव्हा, गृहिणींनो आणि त्यांच्या आज्ञेत वागणाऱ्या गृहस्थांनो, दिवे पुसण्यापूर्वी भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. घराचा मुख्य खटका बंद करा. फडके कोरडे घ्या, स्टूल लाकडी घ्या. जुन्या इमारतीत राहत असाल, तर एकदा वायरमनला बोलावून प्रत्येक होल्डर बटण बंद करून टेस्टरने तपासून घ्या. आणि टेस्टर स्वतः शाबूत आहे ना, हे त्याने आधी चालू प्लगमध्ये पाहून घ्यावे. गीझरचे बटण सोळा अँपिअरचे आहे ना, ते हाताला गरम लागत नाही ना, तेही पाहा. गरम बटण म्हणजे आत सैल झालेली जोडणी. आगीची ती पहिली वर्दी होय.

आमच्या वायरमनदादांनी दोन तारांची अदलाबदल केली. पुरती दहा मिनिटेही लागली नाहीत. बटण बंद केले, दिवा पुरता विझला. आरसीसीबी बसवली तिचा खर्च आमच्या दोन महिन्यांच्या बिलाहून कमी आला.

त्या रात्री आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, तू दिवा मालवलाच होतास." ती जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "ते मला ठाऊक होतं रे. आता होल्डर पुसायचा राहिलाय, तो उद्या पूस. आणि त्याआधी मीटरकडचा खटका मी स्वतः बंद करून येणार."

यंदा स्टूल चिरंजीवांनी धरले. आई मुख्य खटक्यापाशी पहारा देत उभी होती.